क्लचचं कातडं

लॉरी दुरुस्त झाली की तिच्यातूनच मला मुंबईला मामाकडे परत पोचवायचं, असं घरात ठरलं होतं. आणि त्या लॉरीच्या दुरुस्तीला हाताखाली होते ती मीच. पाना दे म्हटलं की पाना देत होते, रॉकेलचं पातेलं पुढं सरकव म्हटलं की सरकवत होते. एकेक बोल्ट सुटून भुईवर पडे, तो उचलून मी रॉकेलात टाकी. काम लवकर व्हावं असं वाटे, कारण घराचं पोट त्या गाडीवर. आणि काम कधीच होऊ नये असंही वाटे. अशी दोन मनं घेऊन मी त्या दिवशी लिंबाखाली उकिडवी बसले होते.

माझं शिक्षण मराठी चौथीचं. आईवडील लहानपणीच गेले, मग मामानं कोकणातून मुंबईला आणलं आणि मामीनं शाळा बंद करून हाताखाली घेतलं. मामा गोदीत कामाला. तिथं सोलापूरकडचा एक तरुण लॉरीवाला माल भरायला यायचा. मुलगा सरळ आहे, आपल्या जातीचा आहे, स्वतःची गाडी आहे, एवढं बघून मामानं मला देऊन टाकली. ‘देऊन टाकली’ हे मी रागानं लिहीत नाही. मामाच्या घरात त्याच्याच पोरी लग्नाच्या रांगेत उभ्या होत्या. मला कुणीतरी घेतलं, ह्याचंच मला त्या वयात इतकं वाटलं की सोलापूर कुठल्या दिशेला आहे, हेसुद्धा मी विचारलं नाही.

लग्न मुंबईत मामाच्या बिऱ्हाडी लागलं. सासूबाई आगगाडीनं आल्या आणि आगगाडीनंच परतल्या. आमच्या मालकांना (नवऱ्याला मी तेव्हापासून मालकच म्हणत आले) मुंबईहून माल न्यायचा होता, म्हणून मी मात्र लॉरीतून आले. घाट चढताना मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा डोंगर मागं पडला होता, आणि पुढं नजर पोचेल तिथवर सपाट रान आणि ऊन. टेंभुर्णी गेलं, मोहोळ गेलं, तरी तेच. एवढं मोकळं आभाळ मी आधी फक्त समुद्रावर बघितलं होतं.

घर सोलापूरच्या कडेला, मोहोळच्या रस्त्याला लागून. दोन खोल्या, वर सपाट माळवद, त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. पुढं अंगण, अंगणात लिंब, लिंबाखाली लॉरी. सगळंच मला परकं. भाताच्या जागी ज्वारीची भाकरी, खोबरेलाच्या जागी करडीचं तेल. त्या तेलाचा वास पहिल्या दिवशी इतका अनोळखी लागला की फोडणी टाकताना मी तोंड फिरवलं. सासूबाईंनी ते बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, “हुंदे. नाकाला बी सासर नवंच हाय की.” आणि त्या दिवसापासून माझ्यापुरता मूठभर भात रोज चुलीवर चढायला लागला. “भात खानारी पोर हाय, भाकरी घशात अडाकली तर मामा मला काय म्हनंल?” हे त्या शेजारणीला सांगत होत्या ते मी भिंतीआडून ऐकलं, आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. आपल्यासाठी वेगळं काही शिजतंय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

ह्या सुखाला दृष्ट लागायला वेळ लागला नाही.

मी आल्याला दोनेक महिने झाले असतील. लॉरी बिघडायला लागली. लॉरी तशी जुनीच, पहिल्या लढाईतून निघालेली. पुढं लाकडी टप, मागं उघडी. तोवर ती निमूट चालत आली होती. आता सपाटीवर चालायची, आणि चढ आला की इंजिन बोंबलायचं पण गाडी जागची हलायची नाही. मोहोळच्या वाटेवर सीना नदी ओलांडली की चढ लागतो. तिथं रोजचं झालं. मागं बसलेले उतारू खाली उतरायचे, पागोटी सावरत गाडी ढकलायचे, आणि वर पोचल्यावर मालकांना ऐकवायचे, “पुढच्या बारीला बैलगाडीच बरी, पावनं. बैल निदान आपल्या पायानं चढत्यात.” व्यापारीही हळूहळू बैलगाड्यांकडं वळले.

मालक घरी आले की जेवताना बोलायचे नाहीत. आधीही ते फार बोलत नसत, पण आता तो अबोला माझ्या ताटाभोवती फिरतोय असं वाटायचं.

मग वन्सं माहेरपणाला आल्या. मालकांची थोरली बहीण, मोहोळला दिलेली. भावाच्याच लॉरीतून आल्या आणि सीना ओलांडून अलीकडचा काठ चढताना इतर उतारूंबरोबर त्यांनाही खाली उतरून गाडीला हात लावावा लागला. अंगणात पाऊल टाकलं तेच कमरेवर हात ठेवून.

“आजवर माज्या भावाच्या गाडीला कुनी बोट लावलं न्हवतं. आन आता लेकीनं गाडी ढकलत म्हायेरी यायचं? कवापास्नं चाललंय हे?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

“मीच सांगते कवापास्नं. ही आल्यापास्नं.”

पांढऱ्या पायाची, हा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही. तो शेजारणींनी आधीच उच्चारला होता, आडावर, पाण्याच्या रांगेत. वन्संनी फक्त उपाय सांगितला. रात्रीची जेवणं चालली होती. त्या म्हणाल्या, “चार म्हैने हिला मामाकडं धाडा. हिच्या माघारी गाडी नीट चालली तर कळंलच की काय ते.”

मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले. मालकांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि म्हणाले, “आधी गाडी तर हुंदे. मुंबईचा माल हायच. जाताना सोडून यीन.”

इतकं सोपं होतं ते. माल भरायला जायचंच आहे, जाताना हिलाही सोडता येईल. चार महिन्यांनी परत आणायला कोण येणार, हे कुणी म्हणालं नाही आणि मी विचारलं नाही. मामीनं दारात मला बघून तोंड कसं केलं असतं, ते मात्र मला तिथल्या तिथं दिसलं.

गाडी घरीच उघडायची ठरली. मोटारींचा कारखाना पुण्याला, तिथवर तिला ढकलत कोण नेणार? मालकांचा एक दोस्त गिरणीत फिटर होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो दख्खनी बोलायचा, पान खायचा, आणि जगातल्या कुठल्याही यंत्राकडं ते गिरणीतला मागच असल्यासारखं बघायचा. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो आला. खांद्यावर गिरणीतल्या जुन्या कातडी पट्ट्याची गुंडाळी.

“भाभी, चाय मीठी बनाना जी. आज तुम्हारे घोडे का पेट खोलते.”

आणि खरंच पोट उघडलं. लॉरीचं पोट मी आधी कधी बघितलं नव्हतं. पुढच्या फळ्या काढल्या, मागच्या चाकांकडं जाणारी लोखंडी दांडी सोडवली, गिअरची पेटी लिंबाच्या फांदीला दोरानं बांधून मागं ओढली, आणि आत सगळं तेलकट, काळं, दात विचकून बसलेलं. ज्यावर आपण विश्वासानं बसून घाट चढून आलो, ते आतून असं असतं?

क्लच म्हणजे काय, ते मालकांनी मला त्या दिवशी समजावलं. मला वाटतं लग्नानंतर माझ्याशी ते सलग इतकं पहिल्यांदाच बोलले. ते म्हणाले, एका वाटीत तशीच दुसरी वाटी दाबून बसव आणि खालची फिरव. वरची फिरती का न्हाय? बाहेरची वाटी म्हणजे इंजिनाचं चाक, ते सारखं फिरत असतं. आतल्या वाटीला बाहेरून कातडं गुंडाळलेलं असतं आणि स्प्रिंग तिला आत दाबते. कातडं चाकाला धरतं तेव्हा गाडी चालते. डाव्या पायाखालचं पेडल दाबलं की आतली वाटी सुटते. कातडं झिजलं, निसरडं झालं, की बाहेरची वाटी आपली फिरत राहते आणि आतली जागेवर. “म्हंजे इंजान बोंबलतंय आन गाडी हुबी,” ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून पटकन दुसरीकडं बघितलं.

मिस्त्रीला हे मान्य नव्हतं. “कातडी अच्छीच होंगी. स्प्रिंग मर गई. मैं बोलतूं ना.”

“स्प्रिंगला काय झालंय? बघ की, अजून हाताला दबत न्हाय.”

“पान की शर्त?”

“लाव.”

वाटी बाहेर आली आणि मिस्त्री शर्त हरला. कातडं काळंकुळकुळीत, वरून रोगण लावल्यासारखं चकचकीत. नख लावलं तर नखाला चिकट बसत होतं. मिस्त्री ते खालीवर करून बघत म्हणाला की इंजिनाचं तेल पाझरलं असणार. मालकांनी इंजिनाच्या बाजूला हात घालून बघितला. तिथं कोरडं होतं. ते बुचकळ्यात पडले, पण हातात काम होतं. छिन्नीनं तांब्याची रिबिटं तोडून त्यांनी कातडं सोडवलं. सोडवल्यावर ते भुईवर अर्धगोल पसरलं.

“तू चोळ्या बेततीस न्हवं?” मालक मला म्हणाले. “मग हे बी बेत. ह्याच्यावरनं नव्या पट्ट्यावर खूण कर कोळशानं. बाहीचा गोल घेतीस तसा गोल ऱ्हायला पायजे.”

मला केवढं बरं वाटलं! जाता जाता का होईना, काहीतरी नीट करून जाऊ, असं मनाशी म्हणून मी कातडं दारापाशी उन्हात नेलं आणि पट्ट्यावर अंथरलं. ऊन लागलं तसा त्याला वास सुटला.

तो वास मी ओळखला. काळ्या तेलाचा नव्हता. ह्या घरात आल्यापासून रोज फोडणीत, रोज दिव्यात, रोज शेजारणीच्या केसांत मला नकोसा झालेला वास. करडीचं तेल.

मी नखानं वरचा चिकट थर खरवडला. खाली, रिबिटाच्या खड्ड्यात, केशरी कण होते. शेंदूर.

कानात एकदम पाणी भरावं तसं झालं. मागं मिस्त्री काहीतरी बोलत होता, ते लांबून आल्यासारखं वाटत होतं. करडीचं तेल आणि शेंदूर एकत्र कुठं असतात, ते मला ठाऊक होतं. दर शनिवारी उजाडताना सासूबाई वाटीत तेल घेऊन वेशीवरच्या मारुतीला जात. परत येताना वाटीच्या काठाला शेंदूर लागलेला असे. ती वाटी मीच घासायची.

हे तेल गाडीत सासूबाईंच्या हातून गेलं, हे मला कळलं. कसं आणि का, ते कळेना. एवढंच कळलं की आत्ता मालकांना हा वास आला तर त्या माउलीची काय गत होईल. मुलाचा धंदा आईच्या हातानं बसला! ज्यांनी माझ्यासाठी रोज मूठभर भात शिजवला, त्यांच्या तोंडाकडं त्यांचाच मुलगा कसं बघेल? मी दुसरा विचार केला नाही. रॉकेलचं पातेलं ओढलं, कातडं त्यात बुडवलं आणि चिंधीनं घासायला लागले. जोरात. मुळापासून.

“का गं, काय धुतीयास एवढं?”

वन्सं पाठीशी उभ्या होत्या. “फेकून द्यायच्या कातड्याला कोन धुतंय? बगू.”

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. रॉकेलनं अर्धाच भाग धुतला होता. उरलेला नाकाशी नेला, मग बोटानं खड्डा कोरला आणि बोट उन्हात धरलं. बोटाच्या टोकावर केशरी.

“आये!” त्या अशा ओरडल्या की लिंबावरचे कावळे उडाले. “आये, भाईर ये! गाडीत शेंदूर घातलाय! त्याल आन शेंदूर! करनी हाय ही! कोकनातली हाय म्हनून मी पयल्या दिवशीच म्हनलं न्हवतं? तितली मानसं असलंच करत्यात. आन आता धुऊन टाकाय निगाली हुती!”

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. “बहन, ऐसा मत बोलो जी. भाभी क्या करेंगी,” तो पुटपुटला, पण माझ्याकडं बघायचं त्यानंही टाळलं.

मालक काळ्या हातांनी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू विचारलं, “तू घातलंस?”

हो म्हणावं तर मी करणीवाली. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ‘मग कुणी?’ हा ठरलेला, आणि त्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी तोंड मिटून उभी राहिले. डोळ्यांपुढं लॉरीची चाकं, पाने, रॉकेलचं पातेलं, सगळं आपापल्या जागी होतं आणि त्यात मी कुठंच नव्हते. त्या वेळी मला कुणी ढकललं असतं तर मी पडले असते आणि पडलेली राहिले असते.

“अगं, इचारतोय न्हवं. तू घातलंस का?”

“तिला काय इचारतूस? ते त्याल माजं हाय.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत भाकरीच्या पिठानं भरलेले. त्यांना अजून काय झालंय ते पुरतं कळलं नव्हतं. वन्संच्या हातातलं कातडं आणि माझं तोंड, एवढंच त्या बघत होत्या.

“तुजं?” मालक म्हणाले.

“व्हय. शनवारचं. मारुतीला वाहते आन उरल्यालं गाडीला घालते. वाऱ्यावानी पळती न्हवं, मंजी त्याचीच जात की.”

“कुटं घालतीस?”

“कुटं मंजी? तुजा डावा पाय पडतो तितं. ते कुई कुई करतंय न्हवं, त्याच्या बुडाशी भोक हाय. देवाचं त्याल, वाया कशाला घालवू? चार थेंबं चाकाला, आन बाकीचं त्या भोकात.”

मालक वळले. लॉरीपाशी गेले, काढून ठेवलेली पेडलखालची फळी जागेवर धरून तिच्यातलं भोक बघितलं, मग वाकून त्या भोकाच्या बरोबर खाली काय येतं ते बघितलं. खाली क्लचची जागा येत होती. ते वाकलेलेच राहिले.

मिस्त्रीला हसू फुटलं. “अम्मा, तुमी तो सीधा किलचकूच तेल पिलाये!” आणि कुणीच हसत नाही हे बघून तो मधेच थांबला, पान थुंकायच्या निमित्तानं कुंपणाकडं गेला.

तेव्हा सासूबाईंना कळलं. त्यांचे पिठाचे हात तसेच पुढं धरलेले होते. त्या उंबऱ्यावरच बसल्या. “माज्यामुळं?” त्या म्हणाल्या. “माज्या हातानं?”

“कवापास्नं घालतीस, आये?” मालकांनी विचारलं.

“ही आल्यापास्नं.”

वन्संचे शब्द. तेच, तसेच. वन्संनाही ते ऐकू आले असावेत, कारण त्यांनी कातडं खाली ठेवलं.

मग सासूबाई मालकांना सांगायला लागल्या, पण बघत होत्या माझ्याकडं. मुंबईहून त्या आगगाडीनं परतत होत्या. गाडी घाटात आली, खिडकीतून त्यांनी खाली दरी बघितली, आणि त्यांच्या मनात आलं की ह्याच डोंगरातून माझा लेक त्या लोखंडी डब्यात बसून नवी नवरी घेऊन येणार. कुणाची तरी आईबापाविना पोर. तिथंच डब्यात पदर पसरून त्या मारुतीला बोलल्या होत्या: पोरीला सुखरूप माझ्या दारात आण, जन्मभर दर शनिवारी तुला आणि गाडीला तेल घालीन. “बोलल्याली गोष्ट मोडली तर इपरीत हुतंय. म्हनून एक शनवार चुकवला न्हाय मी. हिला काय व्हाया नगं म्हनून.”

मी आल्यापासून गाडी बिघडली, हे अगदी खरं होतं. ज्यांनी ज्यांनी ते म्हटलं त्यांचा हिशोब चुकला नव्हता. माझ्यासाठी कुणीतरी दर आठवड्याला उजाडताना उठून, अनवाणी जाऊन, देवाजवळ माझं सुख मागत होतं, आणि त्या मागण्यानंच माझा संसार मोडायला आला होता. हे कुठं ठेवावं, मला कळेना. आनंद नव्हता तो. दुःखही नव्हतं. नुसती बधिर झाले होते. माझ्यासाठी नवस? मी एवढी कोण होते?

वन्सं आईजवळ जाऊन बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या. पण अंगण केवढं, सगळ्यांना ऐकू गेलं. “आये, तू गप ऱ्हायचंस की. कशापायी सांगितलंस?”

“गप ऱ्हाऊन कुनाचं वाटोळं करू?” सासूबाई म्हणाल्या. “तिनं तोंड उघडलं न्हाय, बगितलंस का? तिला ठावं हुतं. शनवारची वाटी तीच घासती. माजं नाव घेतलं न्हाय तिनं. आन मी गप ऱ्हाऊ?”

त्या काळी सासू सुनेसमोर असं बोलत नसे, कुणाच्याच घरात. पुढं कितीतरी वर्षं मला ते वाक्य मधेच आठवायचं, दळताना, पाणी शेंदताना, आणि हात थांबायचे.

काम मात्र थांबून चालणार नव्हतं. मिस्त्रीची सुट्टी एकाच दिवसाची. मी नव्या पट्ट्यावर कोळशानं गोल काढला. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा मनासारखा आला. मालकांनी कापला. कापलेलं कातडं पाण्यात भिजवून मऊ केलं, ताणून वाटीवर बसवलं, तांब्याची नवी रिबिटं ठोकली, डोकी कातड्यात खोल जातील अशी. वाळल्यावर मिस्त्री म्हणाला, “अब जरासा एरंडी का तेल लगाना पडता. नैं तो झटका मारता. बस उंगलीभर.”

तेल म्हटल्याबरोबर सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मालक एरंडेलाची बाटली घेऊन त्यांच्यापाशी गेले.

“आये, तू लाव.”

“मी न्हाय हात लावनार बाबा. जळ्ळा माजा हात.”

“अगं आता लावायचंच असतंय. बोटभर.”

“न्हाय म्हनलं न्हवं!” त्या आत निघून गेल्या. मालक बाटली घेऊन तसेच उभे राहिले, मग ती त्यांनी माझ्यापुढं धरली. मी बोटानं लावलं. नवसाचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकते: मारुतीचं तेल सुरू राहिलं, गाडीच्या कपाळाला शनिवारी नुसतं कुंकू लागायला लागलं, आणि “देवाला सगळं दिसतंय, त्यो चालवून घीन,” म्हणून सासूबाईंनी आपली समजूत घातली. ती पुरती पटली नव्हती, कारण मला साधी शिंक आली तरी त्या घाबरायच्या.

सगळं जोडून झालं. वन्सं मोहोळला जायच्या होत्या, त्या गाडीची वाट न बघता एका बैलगाडीतून निघून गेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जाताना माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आणि मुंबईचं? मुंबईचं कुणी काही म्हणेना. मालकांच्या तोंडून ‘राहा’ असा शब्द निघाला नाही. ‘जाताना सोडून यीन’ हा शब्द मात्र निघालेला होता, आणि ते शब्दाला पक्के म्हणूनच व्यापारी त्यांना माल देत. मी मनाला किती समजावलं की आता सगळं उलगडलंय. पण ज्याला लहानपणापासून इकडून तिकडं उचलून ठेवलंय, त्याला तसं सांगून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी हँडल मारून इंजिन चालू केलं आणि अंगणातूनच आवाज दिला, “तयार हो गं. गाडी बघून येऊ चढावर.”

चढ म्हणजे सीनेचा. तो मुंबईच्याच वाटेवर. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. दुसरं लुगडं, चोळ्या, फणी, सगळं एका फडक्यात बांधलं. गाठोडं काखेत घेऊन बाहेर आले तेव्हा मालकांनी ते बघितलं. मग नजर काढून हँडल फळीखाली ठेवलं. सासूबाईंनीही बघितलं. त्यांचा रंगच उतरला. चूल तशीच पेटती सोडून त्या अंगणात आल्या आणि लॉरीच्या पायरीला धरलं.

“मी बी येते.”

“तू?” मालक म्हणाले. त्या लॉरीत त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. लोखंडी डब्यात माणसानं बसू नये असं त्यांचं मत होतं.

“व्हय, मी. सरक गं पोरी.”

पुढच्या फळीवर आम्ही दोघी, मधे गाठोडं. गाडी हलली आणि सासूबाईंनी माझा दंड धरला. असा धरला की त्यांच्या बोटांचे वळ पुढं दोन दिवस राहिले. रस्त्यात कुणी राम राम केला तरी त्या मान वळवेनात. मी त्यांना काय धीर देणार, मीच गाठोडं घट्ट धरून बसले होते. नवं कातडं जोरात धरत होतं, मालकांनी पाय उचलला की गाडी वासरासारखी उडी घ्यायची आणि सासूबाई “मारुतीराया!” म्हणायच्या.

नदी आली. पात्रात पाणी बेताचंच होतं. पलीकडं चढ. मालकांनी डावा पाय हळूच सोडला. इंजिनाचा आवाज जाडा झाला, बोंबलला नाही. चाकांनी माती धरली. अर्ध्या चढावर रोजची जागा आली, जिथं उतारू खाली उतरत. गाडी थांबली नाही. तशीच जड जड, एका चालीनं वर गेली आणि सपाटीला लागली.

वर पोचल्यावर मालकांनी गाडी उभी केली. समोर रस्ता सरळ मोहोळकडं, तिथून टेंभुर्णी, पुणे, मुंबई. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी गाठोड्याची गाठ बोटांनी चाचपत होते. सुटली की काय, असं उगीच वाटत होतं. मालक रस्त्याकडं बघत होते.

मग त्यांनी हातातलं चाक पुरतं फिरवलं. गाडी आडवी झाली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला चर. थोडी मागं, थोडी पुढं, पुन्हा मागं. दर वेळी डावा पाय दाबायचा, सोडायचा. दर वेळी कातडं धरायचं आणि गाडी इमानानं हलायची. मला कळत होतं काय होतंय, पण विश्वास बसत नव्हता. सासूबाईंनी माझा दंड सोडला नव्हता.

“का रं?” त्यांनी विचारलं. “फुडं न्हाय जायाचं?”

“फुडं काय काम हाय?” मालक म्हणाले, आणि गाडीचं तोंड सोलापूरकडं केलं.

सासूबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की मला त्यांच्या कुडीतली हाडं हललेली जाणवली. मग उताराकडं बघून त्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले, आणि घर येईपर्यंत उघडले नाहीत.